यीशिंगची मातीची किटली: घ्यायची कशी, सांभाळायची कशी (आणि साबण का लावायचा नाही)

तळ्याकाठचा

आपल्याकडे 'चिनी माती' म्हटलं की डोळ्यासमोर बरणी येते. वर तपकिरी, खाली पांढरी, लोणच्याची. त्यामुळे मागे चहाच्या धाग्यावर मी 'चिनी मातीची किटली घेतली' असं लिहिलं तेव्हा चौघांनी 'मग त्यात काय एवढं' म्हणून विचारलं. ही ती चिनी माती नव्हे. हिला झिलई नसते, आतून नाही आणि बाहेरूनही नाही. कौलासारखी उघडी माती, फक्त कौलापेक्षा कितीतरी घट्ट भाजलेली. तेव्हा कबूल केलेला धागा आज काढतोय.

मी सुझोउला राहतो, ताई सरोवराच्या पूर्वेला. सरोवराच्या पश्चिमेला यीशिंग आहे, आणि त्यातलं डिंगशू हे गाव म्हणजे या किटल्यांचं माहेर. मातीचं नाव झिशा, म्हणजे 'जांभळी वाळू'. (लिहायला झ, पण तोंडात 'जवळ'मधला ज येऊ द्या.) ही शेतातली माती नाही. खाणीतून दगडासारखी निघते, उन्हापावसात टाकून ठेवतात, ती आपोआप भुसभुशीत होते, मग दळतात, चाळतात, पाणी घालून मुरवत ठेवतात. मुख्य डोंगर हुआंगलोंग शान. तिथलं खाणकाम २००५ च्या सुमारास सरकारने थांबवलं. त्यामुळे आज प्रत्येक दुकानदाराकडे 'खाण बंद व्हायच्या आधीची, चौथ्या क्रमांकाच्या खाणीची' माती असते. सगळ्यांच्या आजोबांनी नेमकी तीच साठवून ठेवलेली असते!

मातीचे ढोबळ प्रकार तीन. झिनी, म्हणजे जांभळट तपकिरी. लाल मातीचा प्रकार होंगनी, आणि त्यातली सगळ्यात नखरेल ती जूनी (म्हणजे जुनी नव्हे, 'नी' म्हणजे माती). जूनी भट्टीत इतकी आकसते की मोठी किटली करायला गेलं तर तडकते, म्हणून तिच्या किटल्या बहुधा छोट्या. तिसरी द्वाननी, पिवळसर. भट्टी साधारण ११०० ते १२०० अंशांची.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते करणं. चाक नाही! मी ज्या बाईंसमोर तासभर बसलो, त्यांनी मातीचा गोळा लाकडी मोगरीने बडवून पट्टी केली. जाडी सगळीकडे सारखी, आणि मोजमाप सगळं डोळ्यांचं. पट्टी कापली, गोल करून तिचं नळकांडं जोडलं. मग डाव्या हाताची बोटं आत आणि उजव्या हातात पातळ लाकडी फळी. फिरत्या पाटावर नळकांडं फिरवत फट-फट-फट. भाकरी थापल्यासारखा आवाज, पण कोरडा. बघता बघता वरचं तोंड आत वळत गेलं. तिथे चकती बसवली, उलटं केलं, दुसऱ्या बाजूने तेच. दहा मिनिटांत समोर एक बंद पोकळ गोळा. तोटी, कान आणि झाकण नंतर. शेवटी बैलाच्या शिंगाच्या पातळ पात्याने वरून घोटणं. नव्या किटलीला जी मंद तकाकी दिसते ती या घोटण्याची.

मी किटली म्हणतोय, पण ही जाळावर ठेवायची नाही. पाणी वेगळं उकळायचं. माझी १२० मिलिलिटरची आहे, म्हणजे जेमतेम दीड कटिंग. त्यात सहा-सात ग्रॅम पत्ती, दहा-पंधरा सेकंद, ओतून घ्यायचं, पुन्हा पाणी. एकाच पत्तीचे सहा-आठ हात होतात.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.

शनिवारपेठी

लेख छान. एवढी यातायात करून शेवटी चहा कोराच प्यायचा ना? आमचा पास. (हलके घ्या.)

तळ्याकाठचा

@शनिवारपेठी, दूध घालायचं असेल तर कपात घाला, किटलीत नको. दुधातली चरबी उघड्या मातीत जाऊन बसली की आठ दिवसांत खवट वास सुटतो. आलं-वेलचीही नको. ज्या मातीने एकदा आलं प्यायलं ती पुढे ऊलाँगलाही (अर्धवट आंबवलेला चिनी चहा) आल्याचाच वास देते.

फुलपात्र

अगदी वेळेवर धागा आला. मी दोन महिन्यांपूर्वी एका संकेतस्थळावरून १८०० रुपयांना 'अस्सल यीशिंग' म्हणून घेतली. निळी आहे, आकाशी निळी, वर ड्रॅगन. गरम पाणी घातलं की रंगकामाच्या दुकानात गेल्यासारखा वास येतो. हात लावला तर किंचित तेलकट. परत करायची मुदत संपली. यात चहा प्यावा का?

भट्टीवाला

@फुलपात्र, नको. मी सिरॅमिकमध्ये वीस वर्षं काढली आहेत, त्या जोरावर सांगतो.

झिशाचे रंग मुख्यतः लोखंडाचे. लोह किती, भट्टी किती तापली, हवा किती मिळाली, यावर जांभळट, लाल, तपकिरी, पिवळट असे मातकट रंग निघतात. आकाशी निळा या मातीतून आपसूक येत नाही. कोबाल्ट घातलेला असतो. नीट भाजलेल्या भांड्यात घातलेला रंग म्हणजे लगेच विष असं नाही, आपल्या कपबशीच्या झिलईतही ऑक्साइडच असतात. पण कोणी, काय, किती घातलं हे माहीत नसताना उघड्या मातीत रोज उकळतं पाणी ओतणं शहाणपणाचं नाही. मे २०१० मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीनेच या धंद्यावर कार्यक्रम केला होता. साध्या मातीत लोहाची पूड, मँगनीज, कोबाल्ट मिसळून 'दुर्मीळ' माती कशी बनवतात ते दाखवलं होतं. तिथे बरीच खळबळ झाली.

दुसरं, तेलकटपणा. नवी किटली जुनी दिसावी म्हणून मेण चोळतात, चक्क बुटाचं पॉलिशही चोळतात. तुमचा वास बहुतेक तोच.

तिसरं, स्वस्त किटल्या साच्यात घोळ ओतून करतात. माती पाण्यात पातळ वाहती राहावी म्हणून त्यात सोडियम सिलिकेट घालतात, आपण वॉटरग्लास म्हणतो ते. त्याने भांडं होतं चकचकीत, पण झिशाचा जो दाणेदार पोत, ज्यासाठी हा सगळा आटापिटा, तोच जातो. झाकण काढून आत टॉर्च मारा. सगळं काचेसारखं गुळगुळीत आणि कुठेच सांधा नाही, असं दिसलं तर समजून जा.

फुलपात्र

मारला. आत बाळाच्या गालासारखं गुळगुळीत आहे. 😐 मनी प्लँट लावते.

वैदर्भी

वाचनखूण साठवली. मले एक सांगा, हे सगळं आमच्या बिडाच्या तव्यासारखंच झालं ना? माह्या आजीचा तवा कोणी राखेनं घासला की ती दिवसभर बोलत नव्हती. तवा रापला पाहिजे म्हणे.

तळ्याकाठचा

@वैदर्भी, उपमा बरीचशी बरोबर. एकच फरक: तव्यावर तेलाचा थर बसवायचा असतो, इथे तेल औषधालाही नको. चिनी लोक याला 'यांग हू' म्हणतात, किटली 'पोसणं'. जनावर पोसतात, मूल पोसतात, तोच शब्द. रोज एकच जातीचा चहा करायचा, रिकामी झाली की गरम पाण्याने खंगाळायची, गरम असतानाच सुती फडक्याने बाहेरून पुसायची. वर्षभरात रंग गडद होतो, आतून उजळल्यासारखी दिसते. घाई झालेले लोक बाहेरून चहा ओतत बसतात आणि ब्रशने माखतात. त्याने डाग पडतात, पोसली जात नाही.

शनिवारपेठी

आणि ती दंतकथा? तीस वर्षं वापरलेल्या किटलीत नुसतं गरम पाणी घातलं तरी चहा होतो म्हणे.

तळ्याकाठचा

आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ अशी वडिलांची किटली बाळगून आहेत. हट्टाने पाणी घालून प्यायला दिलं. गरम पाणी होतं. मी 'वा' म्हणालो, कारण तेही माझ्याकडेच बघत होते.

मेलबर्नची_माई

तळ्याकाठचा, लेख आवडला, पण सगळा उजेड यीशिंगवरच कशाला? माझी पहिली किटली चाओझोउची. दक्षिणेला ग्वांगदोंगमध्ये, लाल माती, आणि तिथे बरेच कुंभार चाकावर करतात. फीनिक्स पर्वताचा दानत्सोंग ऊलाँग त्याच भागातला, म्हणून गावचा चहा गावच्याच मातीत. दुसरी माझ्याकडे जपानची, तोकोनामेची, आयची प्रांतातली. तिची दांडी मागे नसून बाजूला आहे, तव्याच्या मुठीसारखी. अंगठ्याने झाकण दाबून एका हाताने ओतता येतं, माझ्या सांधेदुखीला वरदान. दोन्हींत नावाचा आणि खाणीचा गाजावाजा कमी, म्हणून फसवणूकही कमी. नवख्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत.

आता मातीने चव बदलते का? आम्ही घरी खेळ केला. मुलाने एकच दानत्सोंग तीन भांड्यांत केला: पांढरा पोर्सेलिनचा गायवान (झाकणाचा कप), काचेचं भांडं, आणि चाओझोउची किटली. मला मातीतला ओळखू आला, यांना नाही. मी दिवसभर मिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, यांना ओळखू आला, मला नाही. एवढं मात्र दोन्ही दिवशी दोघांनाही जाणवलं की मातीतला चहा जरा गोलसर लागतो आणि वरचा सुगंध थोडा कमी होतो.

भट्टीवाला

माईंचं निरीक्षण पटतं. झिशा सच्छिद्र आहे हे खरं, पण माठ पाणी पितो तशी ती पीत नाही. माठ झिरपतो, ही झिरपत नाही. एवढ्या उष्णतेला भाजल्यावर ती वजनाच्या काही टक्केच पाणी शोषते. पण त्या बारीक छिद्रांच्या भिंतींना सुगंधाचे कण चिकटतात, शिवाय जाड मातीत उष्णता टिकते. म्हणून जास्त भाजलेला ऊलाँग, पुअर (साठवून मुरवलेला चिनी चहा), काळा चहा यांना ती मानवते, आणि कोवळ्या ग्रीन टीला काच किंवा पोर्सेलिन बरं. ग्रीन टीचा सगळा जीवच वरच्या सुगंधात. जूनी जास्त घट्ट, म्हणून सुगंधी ऊलाँगला. झिनी जरा मोकळी, म्हणून पुअरला. याहून जास्त बारकावे कोणी पैसे घेऊन सांगत असेल तर पाकीट सांभाळा.

आल्याचा_तुकडा

+१. एक बाळबोध प्रश्न: दुकानात गेल्यावर नेमकं बघायचं काय? मी एप्रिलमध्ये शांघायला जातोय.

तळ्याकाठचा

@आल्याचा_तुकडा, पाणी घालून बघू द्या म्हणा. जो नाही म्हणेल त्याला नमस्कार. भरून ओता. धार एकसंध, वळणदार पडली पाहिजे, फुटून शिंतडत नाही ना ते बघा. थांबवल्यावर शेवटचा थेंब तोटीच्या खालून पोटावर ओघळला तर ती किटली रोज टेबल ओलं करणार. झाकणाच्या भोकावर बोट ठेवून ओता, धार थांबली तर झाकण घट्ट बसतं. पण यावर फार भाळू नका, कारण हातानं केलेल्या चांगल्या किटलीचं झाकणही कधी किंचित हलतं. तोटीच्या मुळाशी आत गाळणी बघा: जुन्या धाटणीत एकच भोक असतं, तिथे मोठं पान अडकतं. नवीनांत बरीच बारीक भोकं, किंवा घुमटासारखी जाळी.

मग हातात धरा. ही परीक्षा कोणी सांगत नाही. १२० ची किटली उकळत्या पाण्याने भरली की तिचा कान किती बोटांत मावतो, बोटाची सालटी पोटाला टेकून भाजतात का. माझी पहिली शीपिआओ आकाराची, त्रिकोणी कानाची, दिसायला राजबिंडी. मधलं बोट रोज भाजायचं. आता तिच्यात पेनं ठेवतो.

किमतीचं: तिथे कारागिरांना सरकारी श्रेणी असतात, सहायक कलाकारापासून राष्ट्रीय महागुरूपर्यंत, आणि प्रत्येक पायरीला किंमत उडी मारते. किटलीच्या बुडाशी कारागिराची मोहर, झाकणाच्या आत आणि बऱ्याचदा कानाखाली छोटी मोहर. पण मोहर हा पुरावा नाही. मोठ्या नावाच्या मोहरेखाली दुसऱ्याच हाताचं काम विकलं जातं, आणि त्याला तिथल्या बाजारात नावसुद्धा आहे. त्यामुळे नावाला पैसे देऊ नका. साचा वापरून पण हाताने पूर्ण केलेली, साध्या झिनीची, बिननावाच्या कारागिराची किटली काहीशे युआनला मिळते. रोजच्या चहाला ती पुष्कळ. मी डिंगशूच्या ज्या बाईंचं लिहिलं, त्यांच्याकडून साडेपाचशेची घेतली. ज्या हाताने केली तो हात बघितलाय, बस.

जुनापुराणा

अवांतर, पण राहवत नाही. या किटलीची मूळ कथा फार गोड आहे. मिंग काळ, सोळाव्या शतकाची सुरुवात. गोंगचुन नावाचा एक नोकर पोरगा मालकाबरोबर यीशिंगजवळच्या जिनशा मंदिरात राहिला होता. मालक परीक्षेचा अभ्यास करणार, पोरगा रिकामा. तिथला म्हातारा भिक्षू मातीची भांडी करायचा. पोराने ते चोरून बघितलं, आणि भिक्षू ज्या रांजणात हात धुवायचा त्याच्या तळाशी बसलेली माती घेऊन स्वतः किटली केली. आकार कसला, तर मंदिरातल्या गिंको झाडाच्या खोडावरच्या गाठीचा. बोटांचे ठसे तसेच ठेवले. पुढचे नावाजलेले कारागीर शी दाबिन, मग चेन मिंगयुआन. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेन मानशेंग नावाचा अधिकारी-कवी आकार काढायचा आणि यांग पेंगनियान किटली घडवायचा, वर कवितेची ओळ कोरलेली. त्या आकारांना आजही मानशेंगचे अठरा आकार म्हणतात. विसाव्या शतकात गु जिंगझोउ (१९१५-१९९६). त्याची एक किटली २०१० मध्ये बीजिंगच्या लिलावात एक कोटी वीस लाख युआनच्या वर गेली. चहा नाही केला कोणी तिच्यात, हे सांगायला नको.

आणि डच लोकांनी सतराव्या शतकात चहाबरोबर या लाल किटल्या युरोपात नेल्या. डेल्फ्टमध्ये आरी दे मिल्ड नावाचा कुंभार नकला करायला लागला. जर्मनीत बॉटगर नावाचा किमयागार पोर्सेलिनच्या मागे असताना आधी त्याच्या हाती लागलं ते लाल दगडी भांडंच. म्हणजे भट्टीवाल्यांनी सांगितलेला नकलांचा धंदा नवा नाही, आपण फक्त रांगेत शेवटचे.

शनिवारपेठी

हात धुतलेल्या पाण्यातली माती! आमच्याकडे त्याच पाण्याला भुसावळच्या पुढचा रेल्वेचा चहा म्हणतात.

फुलपात्र

धागा वर काढतेय. मनी प्लँट छान आहे, पण त्याबद्दल नाही. माईंचं ऐकून चाओझोउची लाल किटली मागवली, भाचा सिंगापूरहून घेऊन आला. १३० मिलिलिटर. महिनाभर फक्त दार्जिलिंग केला तिच्यात (भाजका ऊलाँग इथे कुठे मिळणार), रंग बदलायला लागला होता. काल मी ऑफिसात असताना सासूबाईंनी 'केवढी कळकटली आहे' म्हणून भांड्याच्या साबणाने, तारेच्या घासणीने आतून-बाहेरून घासून उन्हात पालथी घातली. प्रेमाने केलं, काही बोलताही येत नाही. आज चहा केला तर लिंबाचा वास. संपली का?

तळ्याकाठचा

नाही संपली. पातेल्याच्या तळाशी सुती फडकं घाला, त्यावर किटली आणि झाकण वेगवेगळं ठेवा. थंड पाण्यापासून सुरुवात करा, एकदम उकळत्यात टाकलंत तर तडकेल. मंद आचेवर अर्धा तास उकळा, पातेल्यातच निवू द्या, पाणी टाका. पुन्हा नवीन पाणी. वास जाईपर्यंत हेच. मग तुमचाच दार्जिलिंग जरा जास्त घालून एकदा त्यात उकळून घ्या. नवी किटली आणल्यावर पण एवढंच करायचं असतं. लोक टोफू आणि ऊस घालून उकळतात, त्याची काही गरज नाही.

भट्टीवाला

घासणीने चरे पडले असतील तर ते राहतील. वापराने बोथट होतील. आणि ठाण्यात राहता ना? जुलै-ऑगस्टमध्ये झाकण लावून कपाटात ठेवू नका. ओल्या पत्तीसकट तर एक रात्रसुद्धा नाही. झाकण शेजारी, तोंड वर, उघड्या हवेवर. बुरशी आलीच तर उकळून खडखडीत वाळवा.

वैदर्भी

सासूबाईंना बिडाचा तवा दाखवा न एकदा. समजून जातीन.

फुलपात्र

चार उकळ्या झाल्या. तिसरीपर्यंत पाण्यावर बारीक फेस येत होता, चौथीला नाही. लिंबू गेलं. आतल्या बाजूला, तोटीच्या तोंडाशी, तारेचे दोन चरे आहेत, टॉर्च मारला की दिसतात. आज संध्याकाळी पहिला चहा केला, सासूबाईंना कपात दूध घालून दिला. 'बरा झालाय, पण किटली पुन्हा काळी होणार बघ,' म्हणाल्या.